कुमुद, ती पट्टी काढ

खुर्ची हॉलच्या मधोमध ठेवली होती आणि तिच्यावर मी बसले होते. समोर चढत्या पायऱ्यांवर बाकं, बाकांवर डॉक्टर. सगळे पुरुष, एक तू सोडून. सकाळी वॉर्डातल्या आयाबाईने सांगितलं होतं, मोठे डॉक्टर तुला बघणार आहेत, नीट तयार हो. मला वाटलं, घरी सोडणार. म्हणून मी वेणी घातली, कुंकू लावलं, माहेरची हिरवी साडी नेसले आणि खुशीत आत आले. बघते तर मला बघायला अख्खी सभा.

मोठ्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाठ करून बाकांना इंग्रजीत बराच वेळ काही सांगितलं. त्यात माझं नाव आलं, नवऱ्याचं आलं, आम्ही बडोद्यात, रावपुऱ्यात कुठे राहतो तेही आलं. मग माझ्याकडे वळले. आज वार कोणता? सांगितला. पंतप्रधान कोण? सांगितलं. शंभरातून सात वजा करा, उरतील त्यातून परत सात, असं करत जा. मी चौथीपर्यंत शिकलेली. त्र्याण्णवला पोचले आणि अडले. बोटांवर मोजायला लागले तेव्हा मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "बाळाला बघून तुम्हाला काय करावंसं वाटतं? सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा."

ते मी फक्त तुला सांगितलं होतं, वॉर्डात, पडद्याआड. श्रीकांत तेव्हा तान्हा होता. त्याला घेतलं की मला वाटायचं, आता माझे हात याला खाली टाकणार. चुकून नाही. मीच टाकणार. म्हणून मी त्याला घेतच नव्हते. घरचे म्हणायचे, हिला पोर नकोसं झालंय. कुणी विचारलंच नाही, तू विचारलंस. मी सांगितलेलं तू कागदावर उतरवलंस, ते तुझं काम होतं, आणि तो कागद मोठ्या डॉक्टरांकडे गेला. आता तेच मला त्या हॉलमध्ये मोठ्याने म्हणायचं होतं. मी म्हटलं. मास्तरांनी विचारलं की उभं राहून उत्तर द्यायचं, एवढंच मला शाळेत शिकवलेलं. बाकांवर पेनं चालू लागली.

तेवढ्यात फरशीवर लाकूड खरवडल्याचा आवाज आला. दाराजवळ शिपायाची खुर्ची होती, ती तू ओढत आणलीस. माझ्या खुर्चीला लावलीस आणि बसलीस, बाकांकडे तोंड करून.

"सर, मलाही विचारा."

"काय विचारा?"

"शंभरातून सात."

"डॉक्टर, जागेवर जा."

"तुम्ही विचारत नसाल तर मीच सुरू करते. त्र्याण्णव. शहाऐंशी. अठ्ठ्याहत्तर."

कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, एकोणऐंशी.

"इथे बसलं की चुकतं, सर," तू म्हणालीस. "बसून बघा एकदा." आणि माझा दंड धरून मला बाहेर घेऊन गेलीस.

मुद्दाम चुकलीस की खरंच चुकलीस, हे तू मला शेवटपर्यंत सांगितलं नाहीस. विचारलं की हसायचीस आणि चहाचा कप पुढे करायचीस. आता तू गेलीस आणि ते उत्तर घेऊन गेलीस. हे एक माझं तुझ्याकडे राहिलं.

तुमच्या डॉक्टरांचं मंडळ तुझ्या आठवणींचा अंक काढतंय. मलाही लिहायला सांगितलं. तू काय शिकलीस, मंडळाची अध्यक्ष कधी झालीस, तुला शाली किती मिळाल्या, ते तेच लिहितील. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि तू मेलीस म्हणून मी ते सोडणार नाही. दवाखान्यात मी तुला 'अहो डॉक्टर' म्हणायचे, आमच्या घरच्या ओटल्यावर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, 'अगं कुमुद'. वयाने तू माझ्याहून लहानच होतीस. हा कागद म्हणजे ओटलाच समज.

आधी जे बरं केलंस ते सांगते, म्हणजे नंतर भांडायला मोकळी.

मला वॉर्डातून सोडल्यावर तू आमच्या घरी आलीस तेव्हा सासूबाईंनी तुला दारातच ऐकवलं, "आमच्या घराण्यात असलं कुणाला नाही."

"कसलं?"

"हेच. डोक्याचं."

"तुमचे गुडघे दुखतात ना, आई?"

"दुखतात तर. उठवत नाही."

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"सगळ्या गल्लीला माहीत आहे, त्यात काय लपवायचं?"

तू नुसती त्यांच्याकडे बघत राहिलीस. सासूबाई आत गेल्या आणि तुला चहा आला. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

मग तू जे सांगितलंस ते कुठल्या पुस्तकात आहे की नाही, मला ठाऊक नाही. गोळ्या होत्याच. पण तू म्हणालीस, बाळ हिच्याकडे उभ्याने देऊ नका. गादी जमिनीवर घाला, हिला भिंतीला टेकून बसवा, आणि मांडीवर द्या. "जमिनीवरून पडून पडून कुठे पडणार आहे तो?" सासूबाई शेजारी बसायच्या, जपमाळ घेऊन, एक डोळा माझ्यावर. पहिल्या दिवशी मी दोन्ही तळवे गादीला दाबून बसले, त्याला हात लावला नाही. तू समोर उकिडवी बसून शेंगा सोलत होतीस, जसं काही घडतच नाहीये. श्रीकांतने माझ्या मांडीवर शू केली. तू म्हणालीस, "झालं. याचा विश्वास बसला." असं रोज थोडं थोडं. कधीतरी मी त्याला घेऊन उभी राहिले ते माझ्याही लक्षात आलं नाही. सासूबाई माळ थांबवून म्हणाल्या, "अगं, उभी आहेस तू."

हे उपकार आहेत. मी नाकारत नाही. आता भांडण.

तू त्या हॉलमधली खुर्ची बंद करायचं ठरवलंस. पेशंटला उचलून आणायचं, मधे बसवायचं, घरचं सगळं बाहेर काढायचं, ही तुमच्या मंडळाची रीत होती. दर महिन्याच्या बैठकीत एक माणूस तसा बसवला जायचा. त्याला तुम्ही शिकणं म्हणायचात. तू नवी, त्यात बाई. तुझा विषय यादीत सगळ्यात शेवटी टाकायचे, आणि तो येईपर्यंत नाश्ता यायचा. सेव-उसळीचा वास आला की कोण कुणाचं ऐकतं? वर्षानुवर्षं तसंच चाललं. मग एका बैठकीत तू उठून वाट्यांच्या टेबलापुढे उभी राहिलीस.

"हा विषय झाल्याशिवाय कुणी वाटीला हात लावायचा नाही."

एक म्हातारे डॉक्टर म्हणाले, "कुमुदबेन, उसळ ठंडी थई जशे."

"होऊ दे. पेशंटला तासभर बसवता, तेव्हा त्याचं काय काय थंड होतं ते कधी बघितलंत?"

त्या दिवशी नियम झाला. पेशंट हॉलमध्ये आणायचा नाही. त्याचं नाव, गाव, घर कुणी उच्चारायचं नाही. फोटो दाखवायचा तर त्याला विचारून, आणि डोळ्यांवर काळी पट्टी लावून. तू माझ्या ओटल्यावर येऊन हे सांगितलंस तेव्हा तुझा चेहरा बघण्यासारखा होता. "गोदू, गार उसळीने नियम केला," म्हणालीस. मीही हसले. तेव्हा मला पट्टीचा अर्थ कळला नव्हता.

तू माझे दोन फोटो मागितलेस. मी दिले, सही करून दिले. एक वॉर्डातला, केस पिंजारलेले, नजर कुठेच नाही. दुसरा घरचा, श्रीकांत मांडीवर, मी हसतेय. तू म्हणालीस, नव्या मुलांना दाखवेन, म्हणजे त्यांना कळेल की बाळंतपणानंतर असं होतं आणि बाई बरी होते. मग एकदा दवाखान्यात तू ते मला पडद्यावर लावून दाखवलंस, कौतुकाने. दोन्ही फोटोंत माझ्या डोळ्यांवर काळी पट्टी. श्रीकांतच्याही. तान्ह्या पोराच्या डोळ्यांवर पट्टी, त्याने काय गुन्हा केला होता?

"पेपरात अशी पट्टी कुणाला लावतात?" मी विचारलं.

"कुणाला?"

"ज्याने काहीतरी वाईट केलंय त्याला. नाहीतर जिच्यावर काहीतरी वाईट झालंय तिला. मी यातली कुठली?"

"तू पेशंट आहेस, गोदू."

"पहिल्या चित्रात आहे. दुसऱ्यात मी बरी आहे. आजार झाकलास, एक वेळ चालेल. बरं होणं का झाकलंस?"

 मग तू डॉक्टरसारखी बोलायला लागलीस. एक मुलगी होती म्हणालीस, नाव नाही सांगितलंस, तुझ्या नियमाप्रमाणे. तिचा आजार बाहेर फुटला आणि सासरच्यांनी तिला बॅग देऊन स्टेशनवर सोडली. "पट्टी तुझ्यासाठी नाही. तिच्यासाठी आहे. तुझ्यात दम आहे, तिच्यात नव्हता."

"मग तिला लाव. माझी काढ."

"एकीची काढली की उरलेल्यांना लोक विचारणार, तुम्ही का लपता? त्यांच्यावर जबरदस्ती होते, गोदू."

"आणि सगळ्यांनीच लपलं की सगळेच चोर दिसतात. तू मला खुर्चीवरून उठवलंस आणि पट्टीमागे बसवलंस. बसवलंसच की शेवटी."

हे तुला लागलं. त्या दिवशी चहा न घेता गेलीस. आणि तुझं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, हे मला माहीत होतं, म्हणून मला जास्त राग आला. तेव्हापासून आपण हे भांडण दर दिवाळीला करत आलो. मी चकल्या द्यायचे, तू म्हणायचीस, "यंदा तरी गप्प बस." मी म्हणायचे, "यंदा तरी काढ." रावपुरा सोडून आम्ही तरसालीला राहायला गेलो, तू तिथेही यायचीस, भांडण घेऊन. गेल्या खेपेला तू आजारी होतीस, खाटेवर, उशीला टेकून. तरी मी सोडलं नाही. तू डोळे मिटून म्हणालीस, "मी नाही काढणार, गोदू. मी शब्द दिलाय. तुझं तोंड तुझ्याकडे आहे." मला वाटलं, टाळतेय. चिडून उठले. ते शेवटचं बोलणं.

मंडळाने तुझी शोकसभा ठेवली. हॉल नवा, थंडगार, बाकांच्या जागी मऊ खुर्च्या. सकाळी श्रीकांत सुभानपुऱ्याहून मला न्यायला आला. आता त्याचेच केस पांढरे झालेत. गाडीत बसायच्या आधी म्हणाला, "आई, मानसीच्या लग्नाचं पुण्याला बोलणं चाललंय. दोन चांगले शब्द बोल आणि खाली बस." मानसी माझी नात. त्याला एवढंच ठाऊक होतं की त्याच्या जन्मानंतर आई काही दिवस आजारी होती. आमच्या घरात यापुढे कुणी वाक्य नेलं नव्हतं.

एकेक जण उठून बोलला. तुला दीपस्तंभ म्हटलं, वटवृक्ष म्हटलं. तू हसली असतीस. मग मंडळाचा सेक्रेटरी, केयूर नावाचा गुजराती मुलगा, चांगला आहे, म्हणाला की आता बेनचं एक व्याख्यान बघू. दिवे घालवले. पडद्यावर तू, हातात काठी, आवाज तसाच खरखरीत. आणि तुझ्यामागे मी. आधी पिंजारलेली, मग हसरी. काळ्या पट्ट्या. तू म्हणत होतीस, "ही बाई पूर्ण बरी झाली. कोण, ते विचारू नका."

माझ्या शेजारी श्रीकांत तो हसरा फोटो बघत होता. आमच्या घरी तो भिंतीवर आहे, पट्टीशिवाय. त्याने साडी ओळखली, फोटोतलं मागचं कॅलेंडर ओळखलं. माझ्याकडे वळला. माझ्या हातावर हात ठेवला, धरून ठेवायला. मी तो बाजूला केला आणि उभी राहिले.

"थांबवा ते."

केयूर धावत आला. "माजी, शुं थयुं? पाणी आपुं?"

"पाणी नको. ते चित्र माझं आहे."

दिवे लागले. तो अगदी हळू म्हणाला, "माजी, नाम नहीं बोलवानुं. आपणो नियम छे. कुमुदबेने ज बनाव्यो छे."

"माहीत आहे. गार उसळीसकट माहीत आहे."

पुढच्या रांगेतले म्हातारे हसले. त्यांना ती वाटी आठवली असणार. आणि तिथे उभं राहून, कुमुद, मला तुझं खाटेवरचं बोलणं कळलं. मी केयूरला म्हटलं, "बाबा, नियम तुमच्या तोंडाला आहे. तो असाच ठेवा, चांगला आहे. माझ्या तोंडाला नाही. मला एक खुर्ची द्या, मधोमध."

तो गोंधळला, पण त्याने खुर्ची आणली. मी बसले. या वेळी माझ्या मनाने बसले. मी म्हटलं, "मी गोदावरी बाळकृष्ण निकम. मुलगा झाल्यावर मला वेड लागलं होतं. तुम्ही त्याला दुसरं काही म्हणत असाल, म्हणा. मुलाला आपण खाली टाकू असं मला वाटायचं. अशाच एका हॉलमध्ये, अशाच खुर्चीवर मला हे सगळ्यांसमोर बोलायला लावलं होतं, आणि एक डॉक्टर स्वतःची खुर्ची ओढत माझ्या शेजारी येऊन बसली होती. तीच ही, हार घातलेल्या फोटोतली. मी बरी झाले. शंभरातून सात कुणाला विचारायचं असेल तर विचारा. मला अजून येत नाही."

कुणी विचारलं नाही. कुणी खुर्ची ओढत शेजारीही आलं नाही. मी वाट बघितली नाही असं म्हणणार नाही, कान दाराकडे होते. सगळे शिकलेले, सभ्य, आपापल्या जागी बसलेले. तू गेलीस म्हणजे नक्की काय गेलं, ते मला तेव्हा समजलं. पण मी उठले नाही. तुझ्याशिवाय त्या खुर्चीवर बसता येतं, एवढं तू मला शिकवून ठेवलं होतंस.

मी आणखी एक सांगितलं. पट्टी ठेवा. जिला स्टेशनवर सोडतील तिच्यासाठी ठेवा. पण जी म्हणेल माझी काढा, तिची काढा. आणि ती म्हणते का, ते तिला विचारा. आम्हाला विचारायचंच तुम्ही विसरता. केयूर म्हणाला, "माजी, पुढच्या मीटिंगमां लईशुं."

"नाश्त्याच्या आधी घ्या," मी म्हटलं.

घेतील की नाही, बघू. नाही घेतलं तर मी पुढच्याही मीटिंगला जाऊन बसणार आहे. मला रिकामा वेळ पुष्कळ आहे.

 परत येताना मकरपुऱ्यापाशी श्रीकांतने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"तो मी होतो?"

"हो."

"माझ्या डोळ्यांवर कशाला पट्टी?"

"नियम."

त्याने इंजिन बंद केलं. "मला टाकणार होतीस?"

"भीती वाटायची की टाकेन. टाकलं नाही."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस. आजही, विचारशील असं वाटलं नव्हतं. बरं केलंस."

त्याने डोळे पुसले आणि गाडी सुरू केली. पुण्याच्या लोकांचा अजून फोन नाही. बडोद्यातली बातमी पुण्याला पोचायला काय वेळ लागतो? नाही आला फोन तर नाही. ज्या घराला हे चालत नाही, तिथे मानसीलाही उद्या पोर होणारच आहे, आणि तिच्या शेजारी कोण बसणार?

कुमुद, तुझी आठवण येते का, असं लोक विचारतात. दिवाळीला येईल. चकल्या जास्त होतील. बाकी मी रडत बसलेली नाही, तुला ते आवडलंही नसतं. तू शब्द पाळलास. मी दिलाच नव्हता. आपण दोघी आपापल्या जागी बरोबर होतो, आणि तरी चुकीची तूच होतीस, हे मी मरेपर्यंत म्हणत राहणार. अठ्ठ्याहत्तरचं उत्तर तेवढं तयार ठेव.

अंकातल्या लोकांनी विचारलं, लेखाखाली 'एक स्नेही' असं छापू का? नको. खाली जसं लिहिते तसंच छापा, आणि ते दोन फोटो छापणार असाल तर पट्टी काढून छापा. दुसऱ्या फोटोबद्दल श्रीकांतला विचारून घेतलं आहे. तो हो म्हणाला.

पहिल्या फोटोत मी आहे, गोदावरी बाळकृष्ण निकम, तरसाली, बडोदे. दुसऱ्यात मी आहे आणि माझ्या मांडीवर माझा मुलगा श्रीकांत आहे. आम्ही दोघंही जगलो.